रोबोकॉन बघायला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

घरातली लेक, भाचा किंवा शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. गेलं वर्षभर त्याचा मुक्काम कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच असतो, सबमिशनपेक्षा मोटारी आणि चाकांबद्दल तो जास्त बोलतो, आणि आता जुलैत संघाबरोबर दिल्लीला डीडी-रोबोकॉनसाठी निघाला आहे. तुम्हीही बघायला जायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. या मुलांना स्टँडमध्ये आपली माणसं दिसली की हुरूप येतो, आणि तो येताना अगदी लांबूनही दिसतो.

पण नुसतं जाऊन बसलात तर पहिला तास गोंधळातच जाईल. लाल आणि निळ्या बाजूची यंत्रं इकडून तिकडे धावतात, शिट्टी वाजते, एका बाजूची मुलं एकदम एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि नेमकं काय घडलं हे आपल्याला शेजाऱ्याला विचारावं लागतं. हे टाळायला मोटार, सेन्सर, प्रोग्रॅमिंग यांतलं काही यावं लागत नाही. त्या वर्षीचा खेळ मात्र आधी समजून घ्यावा लागतो. निम्मी तयारी त्यातच होते. बाकीची निम्मी म्हणजे सामन्यात नजर कुठे ठेवायची हे ठाऊक असणं.

ही स्पर्धा आहे तरी काय

जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९८८ मध्ये विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा सुरू केली. त्याच धर्तीवर आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने, म्हणजे एबीयूने, २००२ मध्ये टोकियोत पहिली एबीयू रोबोकॉन भरवली. दरवर्षी एक देश यजमान असतो आणि तिथली प्रसारण संस्था स्पर्धा भरवते. आपल्याकडे हे काम दूरदर्शनचं, म्हणून राष्ट्रीय फेरीला डीडी-रोबोकॉन म्हणतात. ती जिंकणारा संघ ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून उतरतो.

या स्पर्धेचं वैशिष्ट्य असं, की खेळ दरवर्षी नवा असतो. यजमान देश बहुधा आपल्या मातीतलं काहीतरी घेऊन त्याचा खेळ बनवतो. पुणेकरांनी हे दोनदा जवळून अनुभवलं आहे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता आणि परदेशी संघ 'गोविंदा' हा शब्द शिकून आले होते. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तेव्हा विषय आई-बाप आणि मूल असा होता. पालक-रोबोटने बाळ-रोबोटला उचलून सीसॉवर, झोक्यावर न्यायचं, खांबांवरून चालवायचं आणि शेवटी बाळाने जंगल जिमवर चढायचं. सगळं पूर्ण झालं की 'शाब्बास'! व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. २०२२ ला यजमानपद दिल्लीकडे आलं आणि खेळ निघाला चक्क लगोरी. एका संघाने चेंडू मारून लगोरी फोडायची आणि परत रचायची, दुसऱ्याने त्याला चेंडू मारून अडवायचं. लहानपणी गल्लीत लगोरी खेळलेल्या माणसाला त्या वर्षी फार काही समजावून सांगावं लागलं नाही.

इतर वर्षी मात्र आपणच थोडा अभ्यास करावा लागतो. मंगोलियाने २०१९ मध्ये घोडेस्वार निरोप्यांच्या परंपरेवर खेळ बेतला आणि त्यासाठी मुलांना चार पायांवर चालणारा रोबोट करावा लागला. २०२५ ला तिथेच बास्केटबॉल होता. त्यामुळे मागच्या वर्षीचे व्हिडिओ बघून गेलात तर प्रत्यक्षात मैदान वेगळं, रोबोट वेगळे आणि गुणही वेगळे निघतील.

निघण्याआधी: तीन प्रश्नांची उत्तरं काढा

एबीयू दरवर्षी नियमपुस्तक प्रसिद्ध करते. ते मोफत मिळतं, पण सगळं वाचायची गरज नाही. संघातल्या कुणालाही तीन प्रश्न विचारा. पहिला: संघाच्या दोन रोबोटपैकी कोणता माणूस चालवतो आणि कोणता आपला आपण चालतो? दुसरा: गुण कशाचे आणि सर्वात जास्त गुण कशाला? तिसरा: वेळ संपण्याआधीच सामना जिंकता येतो का, आणि कसा?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीच चुकवू नका. बहुतेक वर्षी असा एक नियम असतोच, आणि तो पूर्ण झाला की गुणफलकावर काहीही असो, सामना तिथल्या तिथे संपतो. स्टँडमधला नवखा प्रेक्षक नेमका इथेच गडबडतो. तो गुण मोजत बसतो आणि मागे असलेला संघ अचानक जिंकून मोकळा होतो.

२०२४ चंच उदाहरण घ्या, कारण बघणाऱ्याच्या दृष्टीने तो फार सुंदर खेळ होता. यजमान व्हिएतनाम, विषय भातशेती. पहिला रोबोट आधी रोपं लावायचा आणि नंतर भाताचे दाणे म्हणून ठेवलेले चेंडू 'कापून' पुढे द्यायचा. दुसरा रोबोट पूर्ण स्वयंचलित. तो त्यांतले आपल्या रंगाचे चेंडू ओळखून, पोचट दाणे म्हणून ठेवलेले जांभळे चेंडू टाळून, कोठारात भरायचा. कोठारं पाच, उभ्या नळकांड्यासारखी, आणि दोन्ही संघांना सामाईक. एका कोठारात तीन चेंडू मावतात. कोठार भरलं, त्यात किमान दोन चेंडू तुमचे आहेत आणि सर्वात वरचा तुमचा आहे, तर ते कोठार तुमचं. अशी तीन कोठारं झाली की 'मुआ वांग', म्हणजे सोनेरी हंगाम, आणि सामना खलास.

आता डोळ्यांसमोर आणा. एका कोठारात खाली लाल, त्यावर निळा. लालचा रोबोट तिथे आणखी एक लाल चेंडू टाकतो आणि कोठार घेतो. पण तो दुसरीकडे गेला आणि निळ्याने तिथे आपला चेंडू टाकला, तर वरचा निळा, दोन निळे, कोठार निळ्याचं. म्हणजे एकच चेंडू कुठे टाकायचा याचा निर्णय रोबोटने स्वतः, कुणीही रिमोट न धरता, काही क्षणांत घ्यायचा असतो. समोरचा रोबोट काय करतो आहे हेही त्याला कॅमेऱ्याने बघावं लागतं. हे ठाऊक असलेला माणूस तो रोबोट कोठारासमोर अर्धा सेकंद थबकला की खुर्चीच्या कडेला येतो. ठाऊक नसलेल्याला वाटतं, यंत्र अडकलं.

म्हणून संघातल्या मुलाला किंवा मुलीला एक संध्याकाळ मागून घ्या. जेवणाच्या टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून ती तुम्हाला अख्खा खेळ समजावेल. बहुतेक मुलांना हे करायला फार आवडतं, कारण घरच्यांनी वर्षभरात 'अजून किती दिवस?' याखेरीज काही विचारलेलं नसतं.

जमलं तर सराव बघा

महाराष्ट्रातल्या कुणालाही माझं आग्रहाचं सांगणं आहे: स्पर्धेआधी एकदा कॉलेजात जाऊन सराव बघाच. पुण्यात सीओईपी, पीसीसीओई, एमआयटी, मुंबईत व्हीजेटीआय, अशी कितीतरी कॉलेजं वर्षानुवर्षं यात उतरतात. प्लायवूडचं मैदान बनवून, त्याला नियमपुस्तकातले रंग मारून, मुलं त्यावर सराव करतात. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल, त्यामुळे खरा सराव संध्याकाळनंतरच रंगतो. मार्गदर्शक शिक्षकांची परवानगी आधी घ्या. डब्यात खायला काही नेलंत तर स्वागत जोरात होईल.

सरावात तुम्हाला तेच काम पन्नास वेळा केलेलं दिसेल. चेंडू उचलला, पडला. कोड बदलला, परत उचलला, परत पडला. कुणीतरी जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपवर आकडे बदलतंय, कुणी सोल्डरिंग करतंय, कोपऱ्यात कुणी ॲल्युमिनियमच्या पट्टीला ड्रिल मारतंय. स्पर्धेत तोच चेंडू एकदा सहज उचलला गेला की त्यामागचं सगळं तुम्हाला आठवेल, आणि टाळी आपोआप वाजेल. शिवाय दिल्लीपर्यंत पोचणं हीच मोठी मजल असते, हेही इथे कळतं. अलीकडच्या वर्षांत संघांना आधी आराखडा, मग चालत्या रोबोटचा व्हिडिओ पाठवून चाळणीतून पार व्हावं लागतं.

एक काळजी घ्या. रोबोट चालू असताना मैदानाच्या रेषेच्या आत पाऊल टाकू नका, आणि मुलं 'काका, जरा मागे या' म्हणाली तर लगेच मागे व्हा. चेंडू फेकणाऱ्या यंत्रणेत मोटार वेगात फिरत असते. काही यंत्रणा दाबलेल्या हवेवर चालतात आणि ६०० किलोपास्कलपर्यंत दाब ठेवायला परवानगी असते. गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या जवळपास तिप्पट. ही हवा साठवायला थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालतात, फक्त त्या चांगल्या स्थितीत हव्यात. रोबोटच्या कडेला बांधलेली ती बाटली कुणी विसरलेली नसते, ती हवेची टाकी असते. तिला हात लावू नका.

प्रवास, जागा, सामान

गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय फेरी दिल्लीतल्या त्यागराज स्टेडियममध्ये, जुलैत झाली आहे. जागा आणि तारखा दरवर्षी जाहीर होतात, प्रवेशाची पद्धतही, तेव्हा तिकिटं काढण्याआधी संघाकडून खात्री करून घ्या. आयएनए हे मेट्रो स्टेशन जवळ आहे. पुण्याहून येणाऱ्या काही गाड्या हजरत निजामुद्दीनला थांबतात, तेही सोयीचं पडतं. जुलैतली दिल्ली म्हणजे दमट उकाडा आणि मध्येच पाऊस, त्यामुळे सुती कपडे आणि छत्री. आत मात्र वातानुकूलन जोरात असू शकतं, बरोबर आजी-आजोबा असतील तर शाल ठेवा.

बसताना पहिल्या रांगेचा मोह सोडा. अगदी खाली बसलं की रोबोट जवळून दिसतात, पण मैदान सपाट दिसतं आणि पलीकडच्या संघाचं काय चाललंय हे कळत नाही. मधल्या उंचीवर, मैदानाच्या लांब बाजूला, साधारण मध्यावर बसा. तिथून दोन्ही अर्धी मैदानं एकदम दिसतात. गुणफलक दिसतो का तेही बघून घ्या. आपल्या संघाची जर्सी आधी माहीत करून घ्या. लाल किंवा निळी बाजू प्रत्येक सामन्याला बदलू शकते, त्यामुळे रंगावरून संघ ओळखायला जाऊ नका.

दिवस लांब असतो. सामना काही मिनिटांचा, पण दोन सामन्यांमध्ये मैदान पुन्हा मांडायचं, रोबोट आणायचे, पंचांनी तपासायचे, यात वेळ जातो. लहान मुलं बरोबर असतील तर कानात घालायला कापूस किंवा इअरप्लग ठेवा. निवेदकाचा आवाज, ढोल, घोषणा, सगळं छताखाली घुमतं. महाराष्ट्रातले संघ उतरले की 'गणपती बाप्पा मोरया' कुठून सुरू झालं ते कळतही नाही.

सेटिंगचं एक मिनिट

रोबोकॉनमधला सर्वात कमी पाहिला जाणारा आणि मला सर्वात प्रिय भाग हा. सामना सुरू होण्याआधी संघाला रोबोट मांडायला एक मिनिट मिळतं. त्या वेळी लोक पाणी प्यायला उठतात किंवा मोबाइल काढतात. तुम्ही उठू नका.

मैदानावर संघाचे तीन विद्यार्थी असतात, मांडणीला पिट क्रूमधले, म्हणजे रोबोटची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या तुकडीतले, आणखी काही जण मदत करतात. त्यांच्या हातांकडे बघा. एक मुलगा बॅटरीची जोडणी हलकेच ओढून बघतो. एक मुलगी गुडघ्यांवर बसून चाकं फडक्याने पुसते, चारही, न चुकता. तिसरा जवळजवळ जमिनीला गाल लावून रोबोटची कड सुरुवातीच्या चौकटीशी समांतर आहे का ते डोळा बारीक करून तपासतो, हाताच्या तळव्याने किंचित ढकलतो, परत बघतो.

हे इतकं कशासाठी? स्वयंचलित रोबोट आपण कुठे आहोत हे ओळखायला अनेकदा चाकांच्या फेऱ्या मोजतो. चाकावर धूळ असली की ते घसरतं, फेरी मोजली जाते पण तेवढं अंतर कापलं जात नाही. आणि सुरुवातीलाच एका अंशाचा तिरकेपणा राहिला, तर सरळ ५ मीटर गेल्यावर तो रोबोट जवळपास ९ सेंटिमीटर बाजूला पोचलेला असतो. चेंडू उचलणाऱ्या पंजासाठी ९ सेंटिमीटर म्हणजे चेंडू हुकलाच. वळण मोजणारा जायरो, लेझरने अंतर मोजणारा लायडर असे सेन्सर ही चूक भरून काढतात, तरी मुलं सेन्सरच्या भरवशावर राहत नाहीत. सुरुवात अचूक केली की पुढचं सोपं जातं, हे त्यांना सरावात शंभरदा कळलेलं असतं.

मिनिट संपल्यावरही एखादा संघ मांडणीच करताना दिसला तर 'वेळ संपली, बाद का नाही केलं?' असं वाटेल. बहुधा नियम तशी मुभा देतो, सामना सुरू झाल्यावर मांडणी चालू ठेवता येते. पण घड्याळ पळत असतं, आणि समोरचा संघ एव्हाना निम्म्या मैदानात पोचलेला असतो.

सामना सुरू झाला की कुठे बघायचं

बहुतेक वर्षी सामना ३ मिनिटांचा. २०२५ च्या बास्केटबॉलला २ मिनिटं होती आणि चेंडू ताब्यात आला की २० सेकंदांत शॉट घ्यावा लागत होता, त्यामुळे तिथे नजर सतत चेंडूवर ठेवावी लागायची. इतर खेळांत दोन संघ आपापल्या बाजूला स्वतंत्र कामं करत असतात आणि नवखा प्रेक्षक टेनिस बघितल्यासारखी मान फिरवत राहतो. तसं करू नका. पहिले दोन-तीन सामने एकाच संघाकडे बघा, त्यातही एकाच रोबोटकडे. चौथ्या सामन्यापासून डोळे आपोआप दोन्हीकडे जायला लागतात.

माणूस चालवत असलेला रोबोट बघताना मधूनच चालवणाऱ्याकडे नजर टाका. चांगला चालक रोबोटकडे बघतच नाही, तो रोबोट जिथे जाणार आहे तिथे बघतो. स्वयंचलित रोबोटच्या वेळी उलट: मुलं हात मागे बांधून उभी असतात आणि रोबोटबरोबर नुसती चालत राहतात. त्यांचे चेहरे बघा. वर्षभराचं काम समोर एकटं चाललं आहे आणि आता त्यांना काही करता येत नाही. अख्ख्या स्पर्धेत याहून जास्त ताण मी कशातही पाहिलेला नाही.

रोबोट थांबला, भलतीकडे गेला किंवा अडकला की संघातलं कुणीतरी हात वर करून 'रिट्राय' मागतं. पंचांनी परवानगी दिली की मुलं रोबोट उचलून ठरलेल्या जागी परत नेतात आणि तिथून पुन्हा सुरू करतात. रिट्राय म्हणजे हार नव्हे. तो केव्हा मागायचा यात संघाची अक्कल दिसते. कच्चा संघ अडकलेल्या रोबोटकडे आशेने दहा सेकंद बघत बसतो. मुरलेला संघ दुसऱ्या सेकंदाला हात वर करतो, दोघं धावतात, उचलतात, ठेवतात, बटण दाबतात, आणि पाच सेकंदांत रोबोट पुन्हा वाटेला लागलेला असतो. अशा रिट्रायला टाळी वाजवायला शिका. जाणकार प्रेक्षक वाजवतात.

रोबोटवर एक मोठं लाल बटण दिसेल. ते आणीबाणीचं, प्रत्येक रोबोटवर सक्तीचं. धूर दिसला किंवा यंत्र बेभान झालं की आधी तेच दाबतात. वायर जळाल्याचा वास वरपर्यंत आला तरी घाबरू नका, पंच आणि मुलं दोघंही त्यासाठी तयार असतात.

'कॉलेजात तर व्यवस्थित चालत होता!' हे वाक्य तुम्हाला स्टँडमध्ये हमखास ऐकू येईल. ते खरंही असतं. स्टेडियमचे दिवे कॉलेजच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी प्रखर असतात आणि त्यांच्या उजेडाचा रंगही वेगळा असतो. २०२४ च्या खेळात निळा आणि जांभळा चेंडू कॅमेऱ्याला वेगळे ओळखू येणं यावर सगळं अवलंबून होतं. दिवे बदलले की जांभळा निळ्याच्या जवळ जातो आणि रोबोट पोचट दाणाच उचलायला धावतो. जमिनीवरचा रंग नवा, गुळगुळीत, म्हणून चाकं घसरतात. प्रवासात एखादा स्क्रू सैल होतो. चांगले संघ स्पर्धेआधी मिळणाऱ्या सरावाच्या वेळात रोबोट पळवण्यापेक्षा हे आकडे जुळवण्यातच वेळ घालवतात.

प्रेक्षकांनी पाळायच्या गोष्टी

फ्लॅश बंद ठेवा. वरच्या मुद्द्यावरून कारण कळलं असेलच: कॅमेऱ्याने रंग ओळखणाऱ्या रोबोटला अचानक पडलेला उजेड त्रास देऊ शकतो. फोटो फ्लॅशशिवायही चांगले येतात, उजेड भरपूर असतो.

मोबाइलचा हॉटस्पॉटही बंद ठेवा. रोबोट आणि त्याचा रिमोट वायफाय किंवा ब्लूटूथवर बोलतात. शेकडो हॉटस्पॉट एकाच छताखाली चालू असतील तर त्यांच्या बोलण्यात अडथळा येण्याची शक्यता वाढते. ज्याच्यासाठी आपण आलो त्याच्याच रोबोटचा संपर्क तुटायला आपण निमित्त का व्हायचं?

वरून ओरडून सूचना देऊ नका. 'डावीकडे, डावीकडे!' हे खाली ऐकूच येत नाही, आणि आलंच तर चालकाचं लक्ष उडतं. नावाने हाक, संघाची घोषणा, टाळ्या, हे सगळं हवंच. आणि समोरच्या संघाने सुंदर काम केलं तर त्यालाही टाळी द्या. आसाम, गुजरात, तमिळनाडूकडून आलेल्या त्या मुलांनीही रात्री जागवल्या आहेत आणि त्यांच्यातल्या अनेकांचं घरचं कुणी स्टँडमध्ये नसतं.

पंचांचा निर्णय पटला नाही तरी प्रेक्षकांनी मध्ये पडू नये. हरकत घ्यायची रीत नियमात आहे आणि ती संघ स्वतः बघतो.

पिट आणि सामन्यानंतर

रोबोट दुरुस्तीची जागा म्हणजे पिट. तिथे सहसा ओळखपत्र असलेल्यांनाच सोडतात, आणि ते योग्यच आहे. परवानगी मिळाली तर पाच मिनिटांत बाहेर या, टेबलावरच्या कशालाही हात लावू नका, आणि हाताला हाताची मदत हवी असं दिसलं तरी आधी विचारा. पिटमध्ये एक गोष्ट जरूर बघा: एखाद्या संघाची मोटार जळाली की शेजारचा संघ, ज्याच्याशी उद्या सामना असू शकतो तोही, आपली जादा मोटार काढून देतो.

संघ जिंकला तर काय बोलायचं ते सांगायला नको. हरला तर लगेच 'पुढच्या वर्षी जिंकाल' म्हणू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढचं वर्ष नसतं, ही स्पर्धा पदवीपूर्व विद्यार्थ्यांची आहे. 'इतका खर्च, इतका वेळ' हे तर तोंडातूनही काढू नका. थोडं खाऊ-पिऊ द्या, मग खेळातलंच काहीतरी नेमकं विचारा: 'दुसऱ्या रिट्रायनंतर रोबोट हळू का चालवलात?' असा प्रश्न आला की मुलीचा चेहरा बदलतो. कुणीतरी खरंच बघत होतं, हे तिला कळतं. मग ती अर्धा तास बोलते, आणि हरल्याचं दुःख त्या बोलण्यातच निम्मं उतरतं.

फक्त अंतिम निकालावर लक्ष ठेवू नका. विजेतेपदाखेरीज कल्पकता, अभियांत्रिकी, रचना अशा गोष्टींसाठीही पुरस्कार असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर सर्वोच्च मान एबीयू रोबोकॉन अवॉर्डचा, आणि तो विजेत्या संघालाच मिळेल असं नाही.

घरून बघणार असाल तर

दिल्लीला जाणं जमलं नाही तरी दूरदर्शनच्या यूट्यूब वाहिनीवर सामने बघता येतात. घरबसल्या बघण्यात एक तोटा आहे: कोणत्या रोबोटकडे बघायचं हे कॅमेरामन ठरवतो, आणि तो बहुधा हलणाऱ्या रोबोटच्या मागे जातो. खरी गंमत अनेकदा थांबलेल्या रोबोटपाशी चाललेली असते. फायदा असा, की मागे जाता येतं. आवडलेला सामना दोनदा बघा. पहिल्यांदा माणसाने चालवलेला रोबोट, दुसऱ्यांदा स्वयंचलित. निवेदक जे बोलत नाही ते दुसऱ्या वेळी दिसतं.

ऑगस्टमधली आंतरराष्ट्रीय स्पर्धाही थेट दाखवतात. २०२६ चे यजमान हाँगकाँग. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथे सकाळी दहाला सुरू होणारा सामना आपल्याला साडेसातला लावावा लागेल. त्या वर्षीचं नियमपुस्तक आधी उघडून, वेळेआधी जिंकण्याचा नियम कोणता ते एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी टीव्हीशेजारी ठेवा. घरात बघायला बसलेल्या सगळ्यांना ती उपयोगी पडते.